चुकायचं काम

"मॅडम, आज शोध लावायचाय का?"

आज मैदान झाडायचंय का, असं विचारावं तितक्या सहज सोहेल मुलाणीनं मला विचारलं. हिवरवाडीच्या शाळेत बदली होऊन मला जेमतेम पंधरवडा झाला होता. चौथीचा वर्ग माझ्याकडे आला होता आणि त्यातली निम्मी नावंही अजून माझ्या तोंडात बसली नव्हती.

"कसला शोध रे?"

"दोरीचा. सर म्हनले, पाव्हणं येनारेत. पाव्हणं आले की आमी दोरीचा शोध लावतो."

"म्हणजे याआधीही लावलाय?"

"लई येळा," सोहेल म्हणाला, आणि कोपऱ्यातली सुताची दोरी आणायला पळाला.

ते दिवस ज्ञानरचनावादाचे होते. सगळ्या जिल्ह्यात तोच एक शब्द घुमत होता. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, की मुलाच्या डोक्यात ज्ञान ओतायचं नाही, ते त्याचं त्यानं रचायचं. आपण साहित्य द्यायचं, प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. मुलं गटात बसतील, एकमेकांशी बोलतील, चुकतील, सुधारतील आणि उत्तरापर्यंत आपली आपण पोचतील. आता शिक्षकाला शिक्षकसुद्धा म्हणायचं नाही, सुलभक म्हणायचं. मी जन्माची बडबडी. सगळं पटलं होतं, फक्त ते गप्प बसायचं कलम मला जड जात होतं.

हिवरवाडीची शाळा या बाबतीत नावाजलेली होती. मुख्याध्यापक लवटे सरांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः ब्रश हातात घेऊन वर्गांच्या फरश्या रंगवल्या होत्या. बाकं केव्हाच हलवली होती. दुसऱ्या तालुक्यांतले शिक्षक गाड्या करकरून ही शाळा बघायला येत. मला इथं बदली मिळाली तेव्हा ओळखीच्यांनी पेढे मागितले होते.

त्या दिवशी दोन जीपगाड्या भरून पाहुणे आले. भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे राहिले. गावची यात्रा तोंडावर होती, त्यामुळे बाहेरगावी धंद्याला गेलेले बापेही घरी आले होते. त्यांतले दोघं-तिघं दारात येऊन थांबले.

मी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे प्रश्न टाकला. वीस फुटांची एक दोरी जमिनीवर चौरसासारखी मांडली, तेवढ्याच लांबीची दुसरी लांबट मांडली आणि विचारलं, "कुठल्या दोरीत जास्त जागा मावली असेल?"

पाच जणांचा गट पुढे सरकला. करिष्मा देवकर नावाची काळीसावळी, दोन घट्ट वेण्यांची मुलगी सगळ्यांत आधी उठली. तिनं दोन्ही आकारांभोवती एक चक्कर मारली, हनुवटीला बोट लावलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाली, "दोरी तेवढीच आहे, म्हणून जागा पण तेवढीच."

पाहुणे गालात हसले. एकानं मोबाइल वर धरला. मग दिव्या म्हणाली, "थांबा, आपण फरश्या मांडून बघूया का?" फुटाफुटाच्या पुठ्ठ्याच्या फरश्या आल्या. चौरसात पंचवीस बसल्या, लांबट आकारात सोळा. करिष्मानं कपाळावर हात मारला. आणि सोहेलनं उभं राहून निष्कर्ष सांगितला, की काठ सारखा असला तरी आतली जागा सारखी असतेच असं नाही. टाळ्या पडल्या. एका पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. कारण सकाळी परिपाठाआधी याच करिष्मानं मला हेच कोडं घातलं होतं, आणि मी दोन्ही जागा सारख्या म्हटल्यावर माझी चूक तिनंच मला समजावून दिली होती.

गाड्या गेल्यावर मी तिला गाठलं. "करिष्मा, तुला येत होतं ना हे?"

"होय मॅडम."

"मग मघाशी चुकलीस कशी?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "माझं चुकायचं काम असतंय."

"सोहेलला दिलं हुतं आदी," दिव्यानं खुलासा केला. "पर त्याला हसू फुटतंय. करिष्मा लई भारी चुकती. आन कपाळाला हात मारती ते तिचं सवताचं हाय, सरांनी सांगितलेलं न्हाई."

लवटे सरांना विचारलं, तर ते खुर्चीत अवघडले. माणूस खोटा नव्हता. "अहो मॅडम, पहिल्यांदा या पोरांनी खरंच शोधलं होतं. मी स्वतः बघत होतो, अंगावर काटा आला होता माझ्या. पण दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली. तिला काय दाखवायचं? एकदा कळलेलं पोरांनी पुन्हा विसरायचं कसं?"

मी सुलभक होते, गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कचेरीत एक गृहस्थ आला. पांढरा शर्ट, बोटांच्या कडा ॲसिडनं पिवळट झालेल्या. आदल्या दिवशी दारात उभा होता तो.

"मॅडम, मी धनाजी देवकर. करिष्माचा बाप. गलाईच्या धंद्यात हाय, सेलमला."

आमच्या भागात निम्मी घरं गलाईवर चालतात. लांब लांब मुलखांत जाऊन जुनं सोनं-चांदी आटवायची, शुद्ध करून सोनारांना द्यायची. वर्षातून एकदा यात्रेला घरी यायचं आणि पुन्हा जायचं.

"ह्या साली बिऱ्हाड न्यायचं म्हंतो. दाखला पायजे. बारक्याचा, आर्यनचा."

"आणि करिष्माचा?"

"तिचा ऱ्हाऊ द्या. ती आज्जीपाशी ऱ्हाईल."

मला वाटलं, झालं, मुलगा तेवढा वंशाचा दिवा. मी तोंड उघडणार, इतक्यात तोच खुर्ची पुढे ओढून बसला.

"तसं मनात आनू नका मॅडम. दोघांस्नी बी न्यायचं, आसंच ठरलं हुतं. पर तिथली शाळा परीक्षा घेऊन घेतीया. पोरगीला न्हाई घेतली तर दिसभर कुटं ठेवू? वर खोली, खाली भट्टी. ॲसिडचा वास असा सुटतोय, की आमची बी छाती भरती. शाळा आसंल तर पोर दिसभर भाईर तरी ऱ्हाईल."

"पण का नाही घेणार? करिष्मा माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी आहे."

तो हसला. त्या हसण्यात कीव होती, तिची की माझी ते कळलं नाही.

"आईबापाला बरं वाटावं म्हनून गुर्जी लोक असंच म्हंत्यात. माझं रोजचं कामच हे हाय बगा. गिऱ्हाईक म्हंतंय, बावीस कॅरेट हाय. मी म्हंतो, आसंल, पर ठेव हितं, दगडावर घासून बगू. काल मी सवता बगितलं. समद्यांच्या आदी हिनंच त्वांड उगडलं आन समद्यांत मोठी चूक हिचीच. पाव्हणं हसलं. एक जण तर मोबाइलात घेत हुता. माझी मान खाली गेली."

"अहो, ती... ती पद्धत आहे तशी."

"चुकायची पद्धत?"

शेजारच्या टेबलावर लवटे सर हजेरी लिहीत होते. ते खोकले. आता खरं सांगावं तर शाळेची अब्रू जाते, न सांगावं तर त्या मुलीचं नशीब फिरतं. इकडे आड तिकडे विहीर. मी दोन्हींच्या मधोमध उभी राहून म्हटलं, "परवा पुन्हा पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी तुम्ही या. आणि मग ठरवा."

"यीन की," तो म्हणाला. "बायकू बी सारकी भांडतीया, पोरीला टाकून मी यायची न्हाई म्हनून. यील ती, दोन दिस रुसंल. पर परवा बगतो. सोनं आसंल तर आमाला काय नको हाय व्हय?"

तो गेल्यावर मी सरांना म्हटलं, "परवाचा निष्कर्ष करिष्माला द्यायचा."

"मॅडम, निष्कर्ष सोहेलचा बसलाय. परवा शिक्षणाधिकारी यायची शक्यता आहे. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?"

"सर, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

ते पेन टेबलावर टेकवत राहिले. त्यांनाही दोन मुलीच होत्या. शेवटी म्हणाले, "द्या तिला. पण मग चूक कुणाला देता?"

"चूक गटातल्या अथर्वला," मी म्हटलं. आणि आपण काय बोलतोय हे ऐकून माझं मलाच हसू आलं. मुलांमध्ये चुका वाटायला बसले होते मी, खाऊ वाटावा तशी.

मधल्या सुट्टीत गटाला बोलावून मी बदल सांगितला. करिष्मा आनंदानं उडी मारेल, असं वाटलं होतं. तिनं वेणीचं टोक तोंडात घातलं.

"मॅडम, मला चूकच ऱ्हाऊ द्या."

"अगं का? तुझे पप्पा बघायला येणार आहेत. तू छान सांगितलंस, तर तुलाही सेलमला नेतील. आई, आर्यन, पप्पा, सगळे एकत्र राहाल."

दिव्यानं करिष्माची करंगळी धरली. सोहेल पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मला वाटलं, नव्या कामाची धास्ती घेतली असेल पोरीनं.

"मॅडम, आमी गटात बोलून सांगू का?" सोहेलनं विचारलं.

याहून सुलभकाला काय हवं! मी आनंदानं हो म्हटलं. पाचही जणं पाण्याच्या टाकीमागं जाऊन डोक्याला डोकं लावून बसली. हातवारे चालले होते. एकदा दिव्या उठून उभी राहिली, तिला ओढून पुन्हा खाली बसवलं. अथर्वनं काटकीनं जमिनीवर काहीतरी रेघोट्या मारल्या, सोहेलनं त्या पुसून नव्यानं मारल्या. मी व्हरांड्यातून बघत होते आणि माझा ऊर भरून येत होता. प्रशिक्षणात दाखवलेल्या चित्रफितीतसुद्धा इतकं सुंदर सहकार्य नव्हतं.

घंटा झाल्यावर करिष्मा आली. "सांगते मी निष्कर्ष," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता वर्गात गेली.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. शिक्षणाधिकारी आले नाहीत, पण केंद्रप्रमुख आणि शेजारच्या तालुक्यातले वीसेक शिक्षक होते. धनाजी देवकर सगळ्यांच्या आधी येऊन दाराजवळ उभा होता. आज त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सणासुदीला देवळात जावं तसा आला होता बिचारा, ते बघून मला भडभडून आलं.

मी दोऱ्या मांडल्या, प्रश्न टाकला. अथर्व उठून घाईघाईनं चुकला. इतका वाईट चुकला, की भिंतीजवळच्या एका गुरुजींनी शेजाऱ्याला कोपर मारलं. दिव्यानं फरश्या मांडायच्या का विचारलं. फरश्या मांडल्या. मोजल्या. सगळं घड्याळासारखं चाललं होतं. मग मी म्हटलं, "करिष्मा, मग आपल्याला यातून काय कळलं?"

ती उठली. तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं. हात मागं बांधले.

"दोरी तेवढीच आहे, म्हणून जागा पण तेवढीच."

मला वाटलं, सवयीनं तोंडातून गेलं. "नीट बघ बरं. या चौरसात किती फरश्या बसल्या?"

"पंचवीस."

"आणि या लांबट आकारात?"

"सोळा."

"मग?"

"तेवढीच आहे, मॅडम."

वर्गात चुळबुळ झाली. लवटे सरांनी रुमाल काढला. मी हातातलं सगळं सोडून सोहेलकडे वळले. सोहेल म्हणजे हुकमी एक्का, त्याला तर हा निष्कर्ष झोपेतसुद्धा पाठ होता.

"सोहेल, तुला काय वाटतं? करिष्माचं बरोबर आहे?"

सोहेल ताडकन उठला. "बरोबर हाय मॅडम. सारकीच जागा हाय."

"दिव्या?"

"सारखीच."

"मी तर पयल्यापासनं त्येच म्हंतोय!" अथर्व म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता.

पाचवा होता प्रणव, सहसा तोंड न उघडणारा. तो न विचारता उठला, "सारखीच" म्हणाला आणि बसला.

पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई पुढे आल्या. "मॅडम, पंचवीस आणि सोळा सारखे?"

उत्तर सांगायचं नाही, हा तर आमचा पहिला नियम. "मुलं अजून विचार करताहेत," असं काहीतरी मी पुटपुटले. केंद्रप्रमुखांनी घड्याळात पाहिलं. लवटे सरांनी चहा झाल्याचं जाहीर केलं. खरं तर चुलीवर अजून आधणही ठेवलेलं नव्हतं.

पाहुणे पांगले. वर्गात ती पाच मुलं, मी, लवटे सर आणि दाराशी धनाजी देवकर एवढेच उरलो. मला मुलांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. हुशार मुलगी चुकली ते एक वेळ घाबरून. पण पाचही जणं एका सुरात चुकली ती कशापायी? मी यांना काही शिकवलं होतं की होतं तेही घालवलं होतं?

धनाजी आत आला. फरश्यांच्या चौरसाजवळ थांबला.

"मॅडम, दोन दाखले द्या."

"दोन?"

"करिष्माचा बी. परवा मला वाटलं, पोरगी मंद हाय. आज कळलं, पोरीचा काय दोष न्हाई. शाळाच असली हाय. पाच-पाच पोरं पंचवीस आन सोळा सारकं म्हंत्यात आन मास्तरीण नुसती बगत ऱ्हाती! नाव मोठं आन लक्षण खोटं. हितं ठेवून तिची माती करू व्हय मी? नेतो सेलमला. शिकवणी लावीन, कायबी करीन."

लवटे सर खाली बघत उभे होते. सुट्ट्या घालवून रंगवलेली ती फरशी त्यांच्या पायाखाली होती.

आणि मी? मला हवं होतं ते झालं होतं. करिष्मा सेलमला जाणार होती. तरी मला धड आनंद होईना, धड वाईट वाटेना. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि ते भलतंच पुन्हा फिरून मला हवं होतं तिथंच आलेलं.

"शाळेला नावं ठेवू नका पप्पा!"

करिष्मा ओरडली होती. तिचा आवाज असा चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. तिनं लांबट दोरी ओढून सरळ केली.

"हे बगा, पंचवीस आन सोळा सारकं नसतंय, ते बारक्याला बी कळतंय. दोरी जितकी लांबट करशीला तितकी आतली जागा कमी हुती. आजून लांबट केली की नऊच फरश्या बसत्यात. चौरस केला की चौकोनांत समद्यात जास्ती. आन असा गोल केला ना," तिनं दोरी भराभर गोल मांडली, "तर चौरसाच्या बी वर जातंय. मी खडं मांडून बगितलंय."

गोलाचं मी शिकवलेलं नव्हतं. लवटे सरांनीही नाही. ते चौथीला नसतंच.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. रोज रोज चुकायचा कटाळा येतोय मॅडम. मग मी मनात दुसरंच कायतर मांडत बसती." आणि एवढं बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"घालवलंस!" दिव्या कळवळून म्हणाली.

धनाजी त्या गोल दोरीकडे बघत होता. मग मुलीकडे. "तुला समदं येतंय. मग मगाशी लबाड का बोललीस?"

त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "का रं सोहेल? तुमाला बी येतंय न्हवं?"

सोहेल उठला. पाहुण्यांपुढे निष्कर्ष सांगायला उठायचा तसाच, हात मागं बांधून, सरळ उभा राहिला.

"काका, आमच्या गटाला प्रश्न हुता, की करिष्माला हितं कसं ठेवायचं. परवा ती चुकली तवा तुमी घरी म्हनला, हिला नेत न्हाई. मंजी चुकलं की ऱ्हाता येतंय. आन काकी म्हंत्यात, पोरीला टाकून मी जायची न्हाई. मंजी करिष्मा न्हाई तर काकी न्हाई. काकी न्हाई तर आर्यन बी जाऊ शकत न्हाई, त्याला भात कोन घालनार? मंजी करिष्मा एकदा चुकली की तिघं बी हितंच." त्यानं थोडा श्वास घेतला. "दोनदा तपासून बगितलं आमी."

"आणि बाकीचे का चुकलात रे?" मी विचारलं.

"ती एकटीच चुकली असती तर परवासारखं तिलाच हसले असते," दिव्या म्हणाली. "परवा घरी जाऊन लई रडली ती. मग आमी म्हनलं, समदीच चुकू."

टाकीमागची ती बैठक माझ्या डोळ्यांपुढे आली. एवढं खरं गटकार्य त्या शाळेत त्याआधी झालं नव्हतं. त्यांना कुणी प्रश्न दिला नव्हता, साहित्य दिलं नव्हतं, आणि मी लांबून बघून खूश होत होते. त्यांना शाबासकी द्यावी की कान धरावा, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही येत नाही.

पोरगी आपल्याबरोबर यायला नको म्हणून वीस माणसांपुढे वेडी ठरायला तयार झाली, हे धनाजीच्या हळूहळू ध्यानात येत असावं. तो रागावेल असं मला वाटलं. तो नुसता पिवळट बोटांनी मिशी चोळत राहिला.

"तिकडं काय वाईट वाटलं असतं का गं तुला?" त्यानं विचारलं.

"तिकडं ह्ये कोन न्हाईत," करिष्मा गटाकडे बघून म्हणाली.

त्यानं मान हलवली. "ऱ्हाऊ द्या मॅडम. दाखलं नकोत. कुनाचंच नकोत." आणि लवटे सरांपुढे हात जोडले. "माफी असावी सर. पोरगी चांगली केलीसा तुमी."

तो दारापर्यंत गेला. तिथं चपलेत पाय घालता घालता थांबला आणि वळला.

"पर सोहेल, गड्या, एक सांग. करिष्मा हितं, तिची आई हितं, बारक्या हितं. समदं बरोबर मांडलंस. ह्यात मला कुटं धरलाय?"

सोहेलनं दिव्याकडे पाहिलं, दिव्यानं अथर्वकडे. दोनदा तपासलेलं गणित होतं ते.

"तुमी हितं नसताच की पप्पा," करिष्मा म्हणाली. ती काही वावगं बोलत नव्हती. जन्मापासून बघत आली तेच सांगत होती.

धनाजी हसायला गेला, पण ते जमलं नाही. चौदाव्या वर्षी मिसरूड फुटायच्या आधी चुलत्यानं त्याला रेल्वेत बसवून दिलं होतं, हे मला मागाहून लवटे सरांनी सांगितलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की दारातला तो माणूस धड बाहेर जात नव्हता, धड आत येत नव्हता.

"मॅडम, चुकलं," सोहेल हळूच म्हणाला. यावेळी त्याला हसू फुटलं नव्हतं. "एक मानूस धरायचा ऱ्हायला."

"मग आता?" मी विचारलं.

"पुन्यांदा मांडाय पायजे."

तो खाली बसला. दिव्या, अथर्व आणि प्रणवही बसले. करिष्मा उभीच होती. मग ती दाराशी गेली, वडिलांचं बोट धरलं आणि त्यांना आत घेऊन आली. गटानं सरकून जागा केली. लवटे सर बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं.

धनाजी देवकर त्या रंगवलेल्या फरशीवर मांडी घालून बसला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या त्यानं वर सारल्या. मुलं माझ्याकडे बघत होती, मी प्रश्न टाकीन म्हणून. माझ्याजवळ प्रश्न होता. उत्तर त्या खोलीत कुणाजवळच नव्हतं.

"करा चालू," धनाजी म्हणाला. "पर ह्या बारीला खरं शोधा."